न मागितलेलं आर्ग्युमेंट

पहिल्या दिवशी कंस जास्तीचे पडले.
बटणाला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं,
मी त्याला हाक मारूनच मोकळी झाले;
खिडकी पडद्यावर यायच्या आधीच
स्पीकर म्हणाला, पाणी.
मग भाऊंनी कितीही दाबलं तरी गप्प.
जिग्ना फोनवर हसली:
काम सांगायचं होतं गं, तू करूनच घेतलंस.

भाऊ, माझे वडील.
अकोट्यापासून वाडीपर्यंत चौतीस वर्षं
जिन्यांखाली वाकून विजेच्या मीटरचे आकडे टिपले,
निळ्या कार्डांवर.
आता उजवा हात उशीवर ठेवलेला,
आणि जीभ तोंडात,
दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी.

रावपुऱ्याची मागची खोली, हप्त्यावरचा टचस्क्रीन,
सात बटणं:
पाणी, पंखा, कूस, चहा, दुखतंय, सेव-उसळ, पुरे.
(सेव-उसळ डॉक्टरांना न विचारता.)
सातदा तेच लिहायचा कंटाळा, म्हणून लूप फिरवला.

पाणी दाबलं: पुरे.
चहा: पुरे.
सेव-उसळ: पुरे.
भाऊ माझ्याकडे बघत राहिले.
मी ग्लास धरून उभी.
कुणाला पुरे झालंय, विचारायची हिंमत नव्हती.

रात्री उलगडलं.
बटणांनी शब्द घेतलेच नव्हते.
'शब्द' नावाची एकच डबी, सातही जणांना तिचा नुसता पत्ता ठाऊक;
दाबल्यावर धावत जाऊन झाकण उघडावं
तर फेरी केव्हाच संपलेली,
तळाशी शेवटचं उरलेलं.
द्यायचं तर बटण घडतानाच,
ज्याचं त्याच्या पदराला गाठ मारून:
शब्द=शब्द.
दिसायला किती खुळं. पाणी म्हणजे पाणी.

भाऊंना बोट उचलायला वेळ लागतो,
म्हणून क्लिक सोडून नुसत्या स्पर्शाला बाइंड केलं.
पाणी दाबलं, आणि स्पीकर इंग्रजीत बरळला:
बटन प्रेस इव्हेंट, एक्स इलेव्हन, वाय फॉर्टी.
हा कोण? मी तर कुणाला बोलावलं नव्हतं.
जिग्ना म्हणाली, बाइंड केलंस ना,
मग घडलेली गोष्ट स्वतः येते,
कुठे, केव्हा, सगळं सोबत घेऊन.
पहिल्या रिकाम्या पाटावर बसते.
शब्दाचा पाट रिकामा दिसला, बसली.
तिच्यासाठी आधी एक वेगळा मांड.

मांडला. नाव म्हणून नुसती एक आडवी रेघ.
आलेली पत्रिका न उघडता फ्रिजवर ठेवतात, तसं.
शब्द बोलू लागले. झालं.
फक्त त्या इलेव्हन, फॉर्टीला
भाऊंच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलली होती,
ते मी पाहिलं होतं आणि विसरले होते.

सव्वा महिन्यानं रेघेला नाव दिलं, आकडे छापले.
अकरा. नऊ. बारा. आठ.
एकशेसाठ रुंदीचं बटण, आणि स्पर्श कायम डाव्या काठाशी.
जरा घसरला की शेजारी:
कूस मागायचे, पंखा लागायचा.
भर डिसेंबरात आम्ही त्यांच्यावर पंखा सोडून
दार ओढून घेत होतो.

बटणं सगळी डावीकडे सरकवली.
उजवीकडे नुसता करडा रिकामा पट्टा.
आणि कुठल्याच बटणावर न पडलेल्या स्पर्शांसाठी
खुद्द खिडकीला एक बांधून ठेवलं,
तेवढ्यापुरतं, चुका मोजायला.

पहाटे तीन बारा. एक्स चारशे दहा.
बटण नाही तिथे.
दुसऱ्या पहाटे चारशे सतरा.
मग चारशे सतरा. मग चारशे एकतीस.
फिजिओच्या फाल्गुनीबेनना माहीत नाही. मला सांगितलेलं नाही.
सकाळी विचारलं, रात्री काही हवं होतं का?
बोट आलं, सावकाश: चहा.

त्या पट्ट्यात मी काही ठेवलं नाही.
माळ्यावरच्या पेटीत एक कोरं निळं कार्ड सापडलं.
मागील रीडिंग, चारशे दहा.
चालू, चारशे एकतीस.
वजाबाकी मी पेन्सिलीनं केली,
त्यांच्यासारखाच एकाला वर शेंडा काढून.